चार्ज देताना

हे घे, गौतमी. आधी किल्ल्या.
पिवळ्या दोऱ्याची शेडची.
बिनदोऱ्याची कुठली, मलाही आठवत नाही,
पण टाकू नकोस, एकोणतीस वर्षांत
दोनदा ती कशाला तरी लागली आहे.

शेडमध्ये अकरा खाटा, सहा चाकांच्या खुर्च्या,
हवेच्या गाद्या चौदा. त्यातल्या तीन
रात्री हळूहळू बसतात.
ज्या घरात कुणीतरी जागं असतं
तिथेच त्या द्यायच्या.
व्हॅन चढावर रडते.
घाटाखालच्या वाड्यांवर जायचं तर
रुझारला बसव. तो तिच्याशी बोलतो.

सुरुवात अहवालात छापली आहे.
खोटी नाही, पण इस्त्री केलेली.
खरं म्हणजे वाळपईच्या बाजारात
मी बांगडे घेत होते
आणि मासळीवालीने पाटीआड पाय ओढला.
सुजलेला, काळा पडत चाललेला, साखरेचा.
मी बघत राहिले, तशी म्हणाली,
‘बांगडे पळय गो बाय, पांय विकपाक ना.’
दुसऱ्या दिवशी मी बँडेज घेऊन गेले.
एवढंच.
पुढे लोक त्याला दूरदृष्टी म्हणू लागले
आणि मी शाल पांघरून ऐकत बसले.

पणजीच्या मीटिंगला स्वेटर ने.
तिथे विचारतील, लाभार्थी किती,
सुधारणा किती टक्के.
आपल्या रजिस्टरात शेवटच्या रकान्याला
बहुतेक वेळा एकच उत्तर असतं.
मी सांगायचे: शंभरातले सत्तर
आपल्या घरात गेले, आपल्या माणसांत,
बांबोळीच्या व्हरांड्यात नाही.
तो आकडा हिरव्या रंगात दाखव.
हिरवा बघितला की ते पुढची स्लाइड मागतात.

आता दार लोटून घे.
रजिस्टर क्रमांक तीन, पान एकशे बेचाळीस.
पांढरी शाई दिसते?
तिच्याखाली तुळशीदास माजीक, भिरोंडे.
नंबर त्याचा होता.
वर आमच्या ह्यांचं नाव, अक्षर माझं.
त्या आठवड्यात एकच खाट मोकळी होती
आणि मी यादी करणारी होते.

अकरा दिवस तुळशीदास चटईवर होता.
बाराव्या दिवशी आमच्या घरून
खाट रिकामी निघाली.
रुझारने काही न विचारता ती भिरोंड्याला नेली.
तिच्यावर तो सहा महिने जगला.
त्याच्या पाठीची जखम मात्र
त्या अकरा दिवसांतली होती;
मी स्वतः ती धुतली आहे,
दर सोमवारी, गुरुवारी.

त्याची बायको दर चवथीच्या आधी येते,
कणगां आणते, केळीच्या पानात बांधून.
चहा पिते. मुलीच्या बदलीचं सांगते.
तिला माहीत आहे की नाही
हे मी एकोणीस चवथी विचारलेलं नाही.
एकदा जाताना म्हणाली,
‘तुमचेय घोव बरे मनीस आशिल्ले.’
‘तुमचेय.’ त्या एका अक्षरावर
मी किती रात्री उलगडत बसले, सांगत नाही.

पांढरी शाई नखाने निघते.
मी बघितलं आहे, आणि पुन्हा लावली आहे.
आता पान तुझ्या ताब्यात.
मला वाटलं होतं, हे सांगितल्यावर हलकं वाटेल.
तसं काही झालेलं नाही.

आणखी काय?
सातव्या खाटेचा डावीकडचा नट
दर दोन महिन्यांनी आवळ.
हुर्राकाच्या दिवसांत संध्याकाळी
पुरुषांना औषधाचं काही समजावू नकोस,
सकाळी जा, पोदेर येऊन गेल्यावर.
कुणी सोलं दिली तर घे,
पैसे दिले तर पावती फाड.
रडू आलं तर व्हॅनमध्ये. रुझार आरसा वळवतो.

फोन वाजतोय.
नाही, मी नाही. तू घे.
आधी आजार विचारू नकोस, आधी पत्ता विचार.
आंब्याकडून डावीकडे, मग साकव, मग देवळाची पायवाट…
पत्ता सांगता सांगता
माणसाचा श्वास जागेवर येतो.